फुकटच्या खुर्चीचा भागाकार

विमान कंपन्यांचे बक्षिसाचे माइल्स साठवणाऱ्या माणसाला ‘यंदा परदेशात कुठे?’ असं विचारू नये. कोणत्या कार्डावर किती माइल्स आहेत, मार्चअखेर त्यांतले किती बुडणार, दुसऱ्या योजनेत वळवले तर वाटेत किती झडणार, हे तो झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगेल. ठिकाणाचं विचारलं की मात्र तो उपवर मुलाच्या आईसारखा वागू लागतो. लंडन चांगलंच आहे हो, पण टोकियोकडून निरोप आल्याशिवाय होकार कसा कळवायचा? अशी वर्षं जातात. मुलं शाळेतून कॉलेजात जातात, पासपोर्टचं नूतनीकरण होतं, आणि माइल्सचा आकडा सहा अंकी होऊन जागच्या जागी बसलेला असतो. हा आळस आहे असं कोणी समजू नये. या मंडळींचं सगळं एका भागाकारावर अडलेलं असतं.

भागाकार असा. ज्या तिकिटावर डोळा आहे त्याचं रोखीतलं भाडं घ्यायचं. माइल्सच्या तिकिटावरही जे कर आणि अधिभार रोख भरावे लागतात, ते त्यातून वजा करायचे. उरलेल्या रकमेला लागणाऱ्या माइल्सनी भागायचं. येईल ते उत्तर म्हणजे एका माइलचं मोल. उदाहरणापुरते गोल आकडे धरू. मुंबई ते लंडन आणि परत, बिझनेस क्लास, भाडं २,८०,००० रुपये. माइल्सनी घेतलं तर १,२०,००० माइल्स आणि वर ४०,००० रुपये. दोन लाख ऐंशी हजारांतून चाळीस हजार गेले, उरलेल्या दोन लाख चाळीस हजारांना एक लाख वीस हजारांनी भागलं, उत्तर बरोबर दोन रुपये. बाकी शून्य! हेच इकॉनॉमीत करून पाहावं तर भाडं ६५,०००, माइल्स ५०,०००, अधिभार २०,०००, आणि उत्तर ९० पैसे. कुठे दोन रुपये आणि कुठे नव्वद पैसे. त्यामुळे माइलकऱ्यांच्या पंथात इकॉनॉमीसाठी माइल्स खर्च करणं हे पातक मानलं जातं. असं कोणी केलंच, तर तो घरच्यांनाही सांगत नाही.

गणितात खोट नाही, पाचवीच्या मुलालाही ते सुटेल. खोट आहे ती अंशाच्या जागी ऐटीत बसलेल्या त्या दोन लाख ऐंशी हजारांत. हे पैसे भरणार कोण होतं? हा गृहस्थ? जो विमानतळावर पाण्याची बाटली महाग म्हणून घरून रिकामी बाटली नेतो आणि सुरक्षा तपासणीनंतर नळावर भरून घेतो, तो? माइल्स नसते तर तो पासष्ट हजारांत, मधल्या खुर्चीत, गुडघे हनुवटीशी घेऊन लंडनला गेला असता आणि सुखरूप पोचला असता. म्हणजे त्याचे वाचले ते पासष्ट हजार. त्यांतले चाळीस हजार त्यानं अधिभारापोटी भरलेच. राहिले पंचवीस हजार. त्यांना एक लाख वीस हजारांनी भागलं की माइलचं मोल जेमतेम २१ पैसे निघतं. पण २१ पैशांनी छाती फुगत नाही. छाती फुगायला मोठा अंश लागतो, आणि अंश मोठा हवा तर विमान कंपनीनं भाडं वाढवायला हवं. साऱ्या जगात भाडेवाढीची बातमी वाचून आनंदणारा हा एकच प्रवासी असेल. तेच तिकीट उद्या चार लाखांचं झालं तर बसल्या जागी याचा एक माइल तीन रुपयांचा होतो; सहा लाखांचं झालं तर साडेचार रुपयांच्याही वर जातो; आणि कंपनीनं एक कोटी भाडं लावून टाकलं, तर या माणसानं एका लंडनवारीत नव्वद लाखांहून अधिक रुपये वाचवलेले असतील, जे त्याच्यापाशी कधी नव्हते, पुढे असण्याची शक्यता नाही, आणि ज्यांवर प्राप्तिकर खात्यानं मात्र उद्या डोळा ठेवला तर तो पहिला ओरडेल की हे पैसे होतेच कुठे. नेमकं हेच आम्ही मघापासून विचारतो आहोत.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. नऊ-दहा तास पाठ सपाट करून झोपायला मिळतं, त्याची किंमत शून्य धरायची का? मुळीच नाही. त्याची किंमत धरावी, पण स्वतःची धरावी. त्या झोपेसाठी आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती रुपये काढले असते, हा प्रश्न विचारावा आणि बायकोसमोर उत्तर द्यावं. समजा उत्तर आलं तीस हजार. ते चांगलंच उदार उत्तर आहे. पासष्ट अधिक तीस, पंचाण्णव हजार. वजा चाळीस, पंचावन्न हजार. भागिले एक लाख वीस हजार, म्हणजे ४६ पैसे. याउलट पातकी इकॉनॉमी तिकिटाचं मोल नव्वद पैसेच राहतं, कारण ते तिकीट त्यानं खरोखरच विकत घेतलं असतं. थोडक्यात, पंथ ज्याला उधळपट्टी म्हणतो तिथे एका माइलमागे जवळपास दुप्पट मिळतं. हे दाखवून दिलं की माइलकरी थोडा वेळ गप्प होतो आणि म्हणतो, ‘पण अनुभव?’ अनुभवाचे तीस हजार आपण आताच धरले, साहेब. दोनदा धरता येणार नाहीत.

आता हा भागाकार माणसाला कुठे कुठे नेतो ते पाहण्यासारखं आहे. मुंबईहून लंडन पश्चिमेला आहे, सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर. माइल्सची स्वस्त जागा थेट विमानात सापडत नाही, म्हणून हा आधी पूर्वेला तीन हजार किलोमीटर बँकॉकला जातो आणि तिथून साडेनऊ हजार किलोमीटर मागे येऊन लंडनला उतरतो. मध्ये अकरा तास विमानतळावर काढतो. भागाकार मात्र झकास आलेला असतो. वाटेत रात्री कधीतरी तो आपल्याच देशावरून उडत गेलेला असतो, पण तेव्हा तो सपाट झोपलेला असतो. माइल्सच्या या जागा उड्डाणाच्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधी खुल्या होतात, त्याही बहुधा एका विमानात एक किंवा दोन. घरात माणसं चार. एप्रिल-मे आणि दिवाळी हे आपल्या सुट्टीचे दिवस कंपन्यांनाही पाठ आहेत, त्या दिवसांत त्या जागा विकून पैसे मिळतात, मग माइल्सवर कोण देईल? फेब्रुवारीत मात्र जागाच जागा, म्हणजे नेमकी बारावीची परीक्षा दाराशी आलेली असताना. मग कुटुंब बदलतं. एक जण अभ्यासाला मागे राहतो, एक जण त्याला डबा द्यायला मागे राहतो, आणि उरलेले दोघं, ज्यांना लंडन पाहायचंच नव्हतं, ते थंडीत कुडकुडत पूल पाहतात. युरोपची टूम निघाली तर वेगळीच गंमत. शेंगेन व्हिसाला जून २०२४ पासून मोठ्या माणसामागे ९० युरो पडतात, ते रोख. तिथे कोणी माइल्स घेत नाही, आणि व्हिसा नाकारला तर ते परतही मिळत नाहीत. लंडनहून परतीचं विमान धरणाऱ्यावर तिथे प्रवास कर लागतो. तो अंतरानुसार आणि वर्गानुसार ठरतो आणि झोपायच्या खुर्चीला साध्या खुर्चीच्या दुपटीहून जास्त असतो. माइल्सचं तिकीट आहे म्हणून त्यात सवलत नाही. फुकट तिकिटावरचे चाळीस हजार जमतात ते असे, शिवाय इंधनाचा अधिभार वेगळा. फुकट प्रवाशालाही विमान इंधन खाऊनच नेतं, हे आम्ही समजू शकतो.

‘मग घाई कशाला, साठवून ठेवू, कधीतरी छान जमून येईल,’ हा दुसरा आक्षेप. घाई अशासाठी की हे साठवायचं नाणंच नव्हे. अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, कंपन्या एकमेकींची गिऱ्हाइकं पळवू लागल्या, आणि १९८१ साली माइल्सच्या योजना जोमानं सुरू झाल्या त्या गिऱ्हाइकाला बांधून ठेवण्यासाठी. तेव्हापासून आजतागायत हे नाणं छापणारा, त्याचा भाव ठरवणारा आणि ज्या एकाच दुकानात ते चालतं त्या दुकानाचा मालक हे तिघं एकच आहेत. त्यावर व्याज नाही, त्याला बहुधा मुदत असते, आणि काल सत्तर हजार माइल्सना मिळणारी जागा आज नव्वद हजारांना का, हे सांगण्याचं बंधन कोणावर नाही. कित्येक योजनांनी ठरीव दरांचा तक्ताच काढून टाकला आहे. भाडं चढलं की माइल्सचा दरही चढतो. म्हणजे भागाकाराचं उत्तर आता कंपनीच आधी ठरवते आणि गणित तेवढं आपल्याला करायला ठेवते. आपण ते मध्यरात्री उठून करतो. जे माइल्स कधीच वापरले जाणार नाहीत असा अंदाज असतो, त्यांचा वाटा हिशेबशास्त्राच्या नियमांनुसार उत्पन्नात धरता येतो, म्हणजे याच्या ‘कधीतरी’चीही तिकडे जमेच्या बाजूला नोंद आहे. २०२० साली महासाथीत विमानं जमिनीवर उभी होती, तेव्हा अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी याच योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरचं कर्ज उभं केलं. सावकारानं विमानांपेक्षा आपल्या वाट पाहण्याच्या स्वभावावर जास्त विश्वास टाकला, हा एक प्रकारे गौरवच म्हणायचा.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत लाडका: ‘खर्च तर होणारच होता, त्यावर मिळालं ते फुकटच की!’ पाहू. कार्डावर शंभर रुपयांमागे दोन माइल्स मिळतात असं धरलं, तर एक लाख वीस हजार माइल्ससाठी साठ लाख रुपये खर्चावे लागतात. तेवढ्याच खर्चावर साधा एक टक्का कॅशबॅक मिळाला असता तर हातात साठ हजार रुपये आले असते, वर पाच हजार घातले की लंडनचं तिकीट, हव्या त्या तारखेला. फुकटच्या तिकिटाला चाळीस हजार आणि विकतच्या तिकिटाला पाच हजार, असा हा मामला आहे. पाठ सपाट झाली, हे कबूल. माइल्स टाकाऊ आहेत असंही आमचं म्हणणं नाही. जी खुर्ची घेणारच होतो, जिथे जाणारच होतो, तिथे वापरले तर त्याच आकड्यांत ते कॅशबॅकपेक्षा सरस ठरतात. पण ‘फुकट’ हा शब्द ऐकला की आमचं डोकं सटकतं, आणि ते आता सटकू द्यावं म्हणतो. क्रेडिट कार्डानं बिल भरलं की दुकानदाराच्या हाती पूर्ण रक्कम पडत नाही, शंभरामागे साधारण दीड-दोन रुपये कापले जातात. माइल्स येतात त्याच कापलेल्या रकमेतून, शिवाय जे वेळेत बिल भरू शकत नाहीत त्यांच्या व्याजातून. दुकानदार ही कात्री आपल्या पोटाला लावून घेतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी दुकान चालवलेलं नाही. तो ती किमतीत मिसळतो, आणि किंमत सगळ्यांना सारखी असते. त्याच काउंटरवर, त्याच साबणाला, या माइलकऱ्याच्या घरी भांडी घासणारी बाई नोटा मोजून तेवढेच पैसे देते, आणि तिच्या खात्यात काही जमा होत नाही. अमेरिकेत २०१० साली याचा हिशेब कोणीतरी मांडला होता: रोखीनं व्यवहार करणाऱ्या घराकडून वर्षाला सरासरी १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या घरांकडे सरकतात. ‘मग तिनं यूपीआय वापरावं, जानेवारी २०२० पासून त्यावर दुकानदाराला शुल्क नाही,’ असं म्हणणारे लगेच पुढे येतील. कधीकधी वापरतेही ती. दुकानदाराचे पैसे वाचतात, साबणाची किंमत तीच राहते. म्हणजे साहेबांची खुर्ची मागे झुकावी म्हणून साबणामागे काही पैसे आधी ती देते, मग तिची मैत्रीण देते, मग सबंध चाळ देते, आणि विमान ढगांवर पोचलं की या सगळ्यांच्या वर्गणीतून शॅम्पेनचा एक पेला त्या खुर्चीपाशी येतो. साहेब तो घेतात, खिडकीशी धरून त्याचा फोटो काढतात, आणि तसाच परत करतात. त्यांना ॲसिडिटी आहे.