मांजरीनं लावलेली बोली

ईबेवर १९९५ साली विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे मोडका लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. मोडका आहे हे कळलंय ना, असं विचारल्यावर गिऱ्हाईक म्हणालं, मी मोडकेच जमवतो. असे सज्जन आता कुठे? हल्ली बोली जिंकली की लगेच आठवतं: पोरानं बटण दाबलं, मांजर कीबोर्डवर बसली. (मांजरींना जुन्या कॅमेऱ्यांचा इतका सोस कधीपासून?) आकडा टाकताना दशांशचिन्ह खरंच निसटलं, तर बोली मागे घ्यायची सोय आहे, घरी किंमत कळली, हे कारण मात्र नियमात बसत नाही. २००८पासून तर विक्रेत्याला गिऱ्हाइकाच्या नावावर वाईट शेराही मारता येत नाही. तेव्हा निदान तोंड लपवू नका. नको असेल तर त्याच दिवशी कळवा, आणि मांजरीला मध्ये आणू नका.