चौथ्या पायरीचा खलनायक: होतकरूंसाठी मार्गदर्शन

शेवटचा बॉस व्हायला सगळेच टपलेले असतात. ती जागा एकच, तिला भरघोस मिशा लागतात, आणि ती मालकाने स्वतःसाठी राखून ठेवलेली असते. शहाण्या उमेदवाराने मधल्या पायरीसाठी अर्ज करावा आणि आदर्श म्हणून कोकोनट्सकडे पाहावे.

१९९३ साली सेगाच्या मेगा ड्राइव्हवर आलेल्या 'डॉ. रोबॉटनिक्स मीन बीन मशीन'मध्ये हे यंत्रमाकड चौथ्या पायरीवर असते. नेमणूक सरळसेवेने नव्हे, बदलीने. मूळ गेम जपानी, कंपाइल कंपनीचा 'पुयो पुयो'. त्यातली पात्रे हटवून सॉनिकच्या कार्टून मालिकेतले रोबो बसवले. बीनव्हिलच्या आनंदी बीन्सना पकडून त्यांचे रोबो करायचे आणि ग्रहावरची मौज कायमची बंद पाडायची, हे मालक रोबॉटनिकच्या खात्याचे धोरण. सॉनिक या गेममध्ये फिरकतही नाही. नायक रजेवर, तरी हरायचे तुम्हीच.

आता प्रत्यक्ष काम. सहा रकान्यांची विहीर, वरून जोडीजोडीने पडणाऱ्या बीन्स. एका रंगाच्या चार भिडल्या की गायब. एकातून दुसरी अशी साखळी लागली की समोरच्याच्या डोक्यावर बिनरंगी बीन्सचा पाऊस. या आपसात जुळत नाहीत, शेजारी काही फुटले तरच जातात. आणि आपण बीन्स फोडून येणारा मारा कमी करावा म्हटले, तर ती सोय १९९४च्या 'पुयो पुयो त्सू'पर्यंत आलीच नव्हती. त्यामुळे मोठी साखळी जो आधी सोडेल त्याचे राज्य. तुम्ही ती सोडायची नाही. चार जुळले की फोडा, पुन्हा चार, पुन्हा फोडा, कामात दिसा. तेवढ्या वेळात खेळाडू आपली साखळी शांतपणे रचून घेतो.

खरी नोकरी मात्र चेहऱ्याची. दोन विहिरींच्या मधोमध तुमचे चित्र असते आणि खेळाडू तुमच्या बीन्सपेक्षा तेच चोरून पाहतो. सामन्याआधी फुशारकी मारून घ्या, तेवढी मुभा आहे. मग जिंकताना दात काढा, विहीर भरत आली की चेहरा पाडा. फार लवकर पाडलात तर खेळाडू गाफील राहील आणि तुम्ही चुकून जिंकाल. जिंकून काही मिळत नाही. तोच गडी पुन्हा समोर येतो, या वेळी चिडलेला.

सेवाज्येष्ठतेची यादी वाचायला मागू नका. मालिकेत कोकोनट्सच्या वाट्याला झाडू असतो आणि डोळा मालकाचा पहिला हस्तक होण्यावर. आड येतात ग्राउंडर आणि स्क्रॅच. गेममध्ये ग्राउंडर आठवा, स्क्रॅच बारावा, तेराव्यावर साहेब. एवढ्यावर भागले असते. पण डेव्ही स्प्रॉकेट, स्क्वील, डायनामाइट ही मालिकेत जेमतेम दिसलेली मंडळीसुद्धा कोकोनट्सच्या वर! हा क्रम लावणाऱ्याने मालिका फार बारकाईने पाहिली असावी, किंवा अजिबात पाहिली नसावी.

पराभवानंतर रेंगाळू नका. खेळाडूला पुढच्या पायरीचा पासवर्ड मिळतो, तोही बीन्सच्याच चित्रांचा. उद्या तो थेट डेव्ही स्प्रॉकेटसमोर उतरेल. तुम्ही जागेवर हजर राहा. परवा त्याचा धाकटा भाऊ खेळायला बसेल, आणि त्याला पासवर्ड कोणी सांगितलेला नसेल.