चोरांचे उपकार

"काकू, जरा इकडे या. पुतणीनं वॉर्साहून फोटो धाडलेत," मी गडग्यावरून हाक मारली. काकू रातांब्याची सालं आगळात बुडवून पुन्हा उन्हात पसरत होत्या. हात कोपरापर्यंत लाल. मोबाइल मीच धरला, त्या मान वाकडी करून बघू लागल्या.

चित्र शहराचं. रुंद रस्ता, बग्ग्या, दारात रेंगाळणारी माणसं, घराघराच्या खिडक्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. काढणारा इटलीचा बेर्नार्दो बेलोत्तो, पोलंडच्या राजाच्या पदरी होता.

"पण तिथे त्याला कानालेत्तो म्हणतात. खरं तर ते त्याच्या मामाचं नाव."

"मामाचं नाव लावून चित्रं खपवली? हुशारच हो मेला."

"मेलाच तो. १७८० साली."

पुढची हकीकत ऐकायला काकूंनी पाट ओढून घेतला. १९३९ मध्ये जर्मन वॉर्सात घुसले आणि राजवाड्यातली ही चित्रं भिंतीवरून काढून घेऊन गेले. १९४४ मध्ये त्यांनीच राजवाडा सुरुंग लावून उडवला. युद्ध संपल्यावर चित्रं परत आली आणि पडलेलं शहर बांधताना तीच पुढ्यात ठेवली गेली. बेलोत्तोनं कुठे कुठे मनानं नक्षी वाढवली होती, तीही बांधली म्हणे.

"चोरली म्हणून वाचली गो! आपल्या थिबाच्या सिंहासनासारखं."

रत्नागिरीत कुठलाही विषय काढा, तिसऱ्या वाक्याला थिबा हजर. पण काकूंचं चुकलं नव्हतं. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, ब्रह्मदेशाचा राजा थिबा आणि त्याच्या राणीला बैलगाडीत घालून बोटीकडे नेलं, पुढे इथे रत्नागिरीत आणून ठेवलं आणि मागे राजवाड्यात लूट झाली. 'न्गा मौक' नावाचं मोठं माणिक आपण इंग्रजांच्या कर्नल स्लेडनकडे सांभाळायला दिलं होतं, असं थिबा पुढे इथून पत्रांवर पत्रं लिहून सांगत राहिला. माणिक काही कुणाला परत दिसलं नाही. सिंहासन १९०२ मध्ये कलकत्त्याच्या म्युझियममध्ये गेलं. मंडालेत राहिलेली बाकीची सिंहासनं १९४५ च्या मार्चमध्ये बाँब पडून राजवाड्यासकट जळाली. कलकत्त्याचं तेवढं उरलं, ते १९४८ मध्ये ब्रह्मदेशाला परत मिळालं.

"म्हणजे इंग्रजांचे उपकारच म्हणायचे," मी मुद्दाम काडी टाकली.

"बाँब कुणाचे होते?"

"आत जपानी बसलेले. बाँब इंग्रजांचे."

"मग! माझे नारळ पाडून नेले, माडाला आग लावली आणि वर सांगतात, नारळ तर वाचवले ना! तुझ्या त्या जर्मनांचंही तेच. चोर तेच, जाळणारे तेच."

मला बोलायला जागाच उरली नाही. तरी म्हटलं, अजूनही हेच चाललंय. युक्रेनमधल्या खेरसॉनच्या म्युझियममधली चित्रं २०२२ मध्ये रशियनांनी ट्रकात भरून क्रिमियात नेली. सांगतात काय, तर सुरक्षित राहावीत म्हणून.

"स्लेडनही तेच बोलला असेल."

थिबाला इथे नवा राजवाडा मिळाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये तो गेलाच. इथल्या वर्षांत खर्च भागेना म्हणून जवाहिर विकत होता. घेणाऱ्यांनी भाव पाडूनच घेतले. त्यामुळे आपण रत्नागिरीकरांनी फार नाक वर करायला नको. आजही कुणाकडे पाहुणे आले की चांदीची वाटी निघते, "थिबाची हो!" खरी किती, देव जाणे.

"लंडनच्या एका म्युझियमनं मात्र मंडालेची बरीच राजचिन्हं परत केली, १९६४ मध्ये," मी म्हटलं. "त्यातला हंसाच्या आकाराचा सोन्याचा पानाचा डबा ब्रह्मदेशाच्या सरकारनं त्यांनाच परत दिला. भेट म्हणून. इतकी वर्षं नीट सांभाळलंत, त्याबद्दल."

काकूंचा हात आगळातच राहिला. "चोरांना पानाचा डबा?"

"माणकं जडवलेला."

"देणारा कोण?"

"ने विन. तेव्हा तिथे त्या जनरलचंच राज्य होतं."

"मग रिकामाच दिला असणार. बाई असती तर निदान सुपारी तरी घातली असती."

"आणि चुना?"

"चुना आधीच लागला होता गो."