टब निवडायला जाताना बादली सोबत न्यावी

भाड्याने द्यायच्या फ्लॅटमध्ये बाथटब बसवावा की नाही, या प्रश्नाचा येथे विचार केलेला नाही. ज्या घरमालकाच्या मनात हा प्रश्न अजून शिल्लक आहे, त्याने बाथरूमला नुसता रंग काढून घ्यावा आणि निवांत झोपावे. "टब असला तर भाडं वाढवून मागता येईल, साहेब," हे एजंटचे वाक्य ज्यांनी ऐकले आहे आणि ज्यांना ते पटलेही आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

प्रथम जागा मोजावी. राष्ट्रीय इमारत संहितेत न्हाणीघराचे किमान क्षेत्रफळ 1.8 चौरस मीटर दिले आहे. आपल्या बिल्डर लोकांनी संहितेतला दुसरा कुठलाही आकडा इतक्या श्रद्धेने पाळलेला नाही. बाजारात सर्रास मिळणाऱ्या टबांपैकी लहानात लहान टब 1500 बाय 700 मिलिमीटरचा, म्हणजे पाच फूट लांब. तो बसवला की साधारण पाऊण चौरस मीटर उरते. एवढ्या जागेत भाडेकरूने दार उघडायचे, आत यायचे, दार लावायचे आणि मग कपडे काढायचे. हा क्रम चुकला तर पुन्हा बाहेर येऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दार बाहेर उघडणारे करून घेतले तर ते फ्रिजला लागते. फ्रिज भाडेकरूचा असतो, त्यामुळे तो प्रश्न आपला नव्हे.

टब आधी आत न्यावा, दाराची चौकट नंतर बसवावी. हे गवंड्याला सांगितले की तो "होऊन जाईल" म्हणतो. याचा अर्थ चौकट बसवून झाली आहे, असा घ्यावा.

आता पाण्याचा हिशेब. भाड्याच्या घरात गिझर 15 लिटरचा असतो, कारण 25 लिटरचा आपण आपल्या स्वतःच्या घरी लावलेला असतो. माणूस नीट बुडायचा तर टबात 150 लिटर पाणी हवे. गिझरचे 60 अंशांचे पाणी नळाच्या 25 अंशांच्या पाण्यात मिसळून 40 अंशांवर आणायचे, तर 64 लिटर कढत पाणी लागते, म्हणजे गिझर चार वेळा पूर्ण आणि वर थोडा. दोन किलोवॅटचा गिझर एका खेपेला अठरा मिनिटे घेतो. सगळे मिळून सव्वा तास झाला. तोवर पहिल्या खेपेचे पाणी गार होते, ते पुन्हा गरम करायला पाचवी खेप लागते, आणि त्या वेळेपर्यंत सोसायटीने टाकीचा व्हॉल्व्ह बंद केलेला असतो. शिवाय आपल्याकडे शहराच्या पाण्याचे नियोजन माणशी रोज 135 लिटर धरून करतात. एका आंघोळीत दिवसाचा सगळा वाटा संपतो आणि वरचे 15 लिटर शेजाऱ्यांच्या नावावर पडतात. ते आंघोळीचे निघाले, चहाचे वेगळे.

वजनाची काळजी करणारे लोकही असतात. पाणी, माणूस आणि टब मिळून अडीचशे किलो होतात. घरांच्या बाथरूमच्या स्लॅबवर दर चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास चलभार धरतात. टबाच्या जागेपुरता हा आकडा ओलांडला जातो, पण सगळ्या खोलीवर वाटला की बसतो. जुन्या इमारतीत मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात घालू नये; या लेखात एवढे एकच वाक्य गांभीर्याने लिहिले आहे. एरवी स्लॅब पडत नाही, पडतो तो खालच्या मजल्यावरच्या काकांचा चेहरा. म्हणून जुना कोबा फोडून वॉटरप्रूफिंग नव्याने करावे, पाणी भरून किमान 24 तास तसेच ठेवावे आणि त्या 24 तासांत काकांकडे सहज म्हणून चहाला जावे. नजर छताकडे असू द्यावी.

कुठल्या मटेरियलचा टब घ्यावा, यावर दुकानात बरेच ऐकवले जाते. ऐकताना अमेरिकन पत्रकार एच. एल. मेंकेन यांची आठवण ठेवावी. त्यांनी 28 डिसेंबर 1917 रोजी न्यूयॉर्कच्या एका दैनिकात बाथटबाचा संपूर्ण खोटा इतिहास छापला: पहिला टब सिनसिनाटीत 1842 साली आला, डॉक्टरांनी त्याला धोकादायक ठरवले, वगैरे. लोकांनी तो खरा मानला आणि 1926 मध्ये त्यांनीच कबुली दिल्यावरही मानत राहिले. टबाच्या बाबतीत माणसाचा विश्वास असा दांडगा असतो, आणि दुकानदाराला ते ठाऊक असते. आपण एवढेच पाहावे: बिडाचा टब चार जणांनाही जिन्यातून वर नेणे जड जाते. अ‍ॅक्रिलिकचा हलका, पण कामवाल्या मावशी त्यावर तारेची घासणी आणि अ‍ॅसिड घेऊन बसल्या की त्याची चमक दोन-चार धुण्यांतच जाते. रंग पांढराच घ्यावा. बोअरवेलच्या क्षारांचे डागही पांढरेच असतात.

याहून महत्त्वाची कसोटी बादलीची. भाडेकरू कोणीही असो, दुसऱ्या आठवड्यात तो टबात बादली ठेवतो, शेजारी मग ठेवतो आणि उभा राहून आंघोळ करतो. तेव्हा दुकानात आपली नेहमीची 20 लिटरची बादली घेऊन जावे आणि ती टबात ठेवून पाहावी. तळ गोलसर असेल तर ती कलंडते. असा टब नाकारावा. विक्रेता बघत राहील, त्याला बघू द्यावे. टबाला ज्या बाजूला डोके टेकायला उतार असतो, तिथे साबण, शॅम्पू आणि पाय घासायचा दगड राहतो का, तेही पाहावे. घरात आजी असतील तर नरकचतुर्दशीला पाट मांडून दाखवावा लागेल. टबात पाट सपाट बसत नाही, उटणे जाळीत अडकते आणि तेलाने तळ इतका निसरडा होतो की फराळाआधी हाडांच्या डॉक्टरांचा नंबर शोधावा लागतो. आजी टबाच्या काठावर बसण्याचाही विचार बोलून दाखवतील. तो हाणून पाडावा.

टबाच्या बाजूची भिंत टाइल लावून कायमची बंद करू नये, आतला ट्रॅप तुंबला की हात घालायला झडप ठेवावी. प्लंबर तिला विरोध करतो, कारण टाइल फोडून पुन्हा बसवण्याचे काम त्याच्या मेव्हण्याकडे असते.

जाहिरातीचा फोटो भाडेकरू येण्यापूर्वी काढावा, सुगंधी मेणबत्ती आणि गुंडाळलेला टॉवेल ठेवून. करार अकरा महिन्यांचा, त्यामुळे पुढच्या वर्षी तोच फोटो चालतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदवताना सामानाच्या यादीत "बाथटब, नग 1" याखाली "रबरी बूच, साखळीसह, नग 1" असे वेगळे लिहावे. अकरा महिन्यांत टब एकदाही भरला जाणार नाही, पण घर सोडताना बूच सापडत नाही. अनामत रकमेतून त्याचे किती कापायचे, यावर दोन्ही पक्षांत चाळीस मिनिटे बोलणे होते आणि एजंट मध्ये पडून बुचाच्या किमतीएवढा चहा मागवतो.