वर्दीवाले अण्णा

मालगाडीची दोन चाकं रुळावरून उतरली की रेल्वेला आधी जॅक आठवतो आणि दांडिया बाजारातल्या अण्णांना आपली वही.

प्रतापनगरच्या विभागीय कार्यालयातून अण्णा निवृत्त झाले त्याला जमाना झाला. तरी कंट्रोलमधला कुणी ना कुणी पोरगा त्यांना खबर पुरवतोच. त्याने नाही पुरवली तर सेवउसळीच्या गाडीवर भेटलेला गँगमन पुरवतो. बडोद्याच्या मराठी वस्तीत असे अण्णा गल्लोगल्ली सापडतात. आजे-पणजे गायकवाडांच्या चाकरीला आले, नातवंडं रेल्वेत चिकटली, आणि दरबारात वर्दी द्यायची खोड टेलिफोनवर गेली, एवढंच.

वहीत कलेक्टर कचेरी, पोलीस अधीक्षक, रेल्वे पोलीस, आरपीएफ, अग्निशमन दल, सयाजी हॉस्पिटल अशी उतरंड आहे. साहेबाची बदली झाली की जुनं नाव खोडायचं, पण वाचता येईल इतपतच. न जाणो, परत आले तर?

समजा, करचिया यार्डात रात्री शंटिंग करताना एका रिकाम्या वाघिणीची चाकं उतरली. गार्ड वॉकीटॉकीवरून मास्तरला सांगतो, मास्तर कंट्रोलला. (2022 पासून गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणायचं असा हुकूम आहे. अण्णांनी तो अद्याप स्वीकारलेला नाही.) बाहेर मेन लाइनवर शेजारचा रूळ अडला असेल, तर येणाऱ्या गाडीला इशारा म्हणून रुळावर 600 मीटरवर एक फटाका लावायचा आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन. हे आकडे अण्णा अथर्वशीर्षासारखे म्हणतात, मध्ये श्वास न घेता. यार्डात बहुधा त्यातलं काहीच लागत नाही. माणसं जमतात, जॅक लागतो, थोडी शिवीगाळ होते आणि वाघीण वर चढते.

तोवर इकडे अण्णांचा तिसरा फोन चाललेला असतो.

“केटला मरी गया?” ठाण्यातला हवालदार जांभई देत विचारतो.

“एके नहि.”

“तो पछी?”

या ‘तो पछी’ने, म्हणजे ‘मग काय?’ने, अण्णा जितके घायाळ होतात, तितके ते कुठल्याही अपघाताने झालेले नाहीत. “तो पछी एटले? टाइम लखो! मारुं नाम लखो!”

खरं तर कायदाही त्यांच्या बाजूने नाही. 1989च्या रेल्वे कायद्याचं 113वं कलम सांगतं, की माणूस दगावला, जबर जखमी झाला, मालमत्तेचं भारी नुकसान झालं किंवा उतारूंची गाडी घसरली, तर जवळच्या स्टेशन मास्तरने विनाविलंब जिल्हा दंडाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि हद्दीतल्या ठाण्याला कळवावं. रिकाम्या वाघिणीची दोन चाकं त्यात कुठेच बसत नाहीत. अण्णांना हे कलम पोटकलमांसकट पाठ आहे. “ते किमान झालं,” ते म्हणतात. “रीतभात कलमात लिहायची नसते.”

हसणं घटकाभर बाजूला ठेवतो. कोयलीची रिफायनरी जवळ, बाजव्याला खताचा कारखाना. उद्या उतरलेली वाघीण रिकामी नसून तेलाची टाकी असली, तर पहिल्या दहा मिनिटांत कुणाला फोन गेला यावर बरंच काही ठरेल. तेव्हा अण्णांचीच वही कामाला येईल. फक्त त्यातले निम्मे नंबर आता लागत नाहीत.

एकदाच त्यांची वही आठवडाभर मिटलेली पाहिली. सप्टेंबर 2024 मध्ये सुरतेकडच्या किम स्टेशनाजवळ रुळाच्या फिशप्लेटा काढल्याची वर्दी रेल्वेच्याच एका कर्मचाऱ्याने दिली. काही दिवसांतच पोलिसांनी त्यालाच साथीदारांसकट धरलं. शाबासकीसाठी त्यानेच हा उद्योग केला, असा आरोप ठेवला. “आमच्या जातीला बट्टा लावला,” अण्णा कळवळून म्हणाले. काकूंनी त्या संध्याकाळी घरातले पाने आणि हातोड्या मोजून ठेवल्या.

अण्णांना विचाराल तर सगळं बिघडलं ते इंजिन आल्यापासून. 1862 साली खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम रूळ टाकले, तेव्हा गाडी बैल ओढत होते. “डबा घसरला की बैल आपोआप थांबायचा. वर्दी पोचली!” असं म्हणून ते लालबागच्या दिशेने बोट दाखवतात. तिथे प्रतापविलास राजवाड्यात 1952 पासून रेल्वेचे अधिकारी शिकत आले आणि त्यांना हे कुणी शिकवलं नाही, अशी अण्णांची तक्रार आहे. ती लेखी आहे, हे सांगायला नकोच.

परवा अण्णा स्वतःच न्हाणीघरात घसरले. लागलं काही नाही, पण उठेनात. काकू हात द्यायला वाकल्या, तर खालून आवाज आला, “थांब! आधी वेळ टिपून घे. पुण्याला धाकट्याला कळव, वरच्या जोशांना कळव, डॉक्टरांना...”

काकूंनी बगलेत हात घालून त्यांना सरळ उभं केलं, पंचा हातात दिला आणि म्हणाल्या, “प्राणहानी नाही, मालमत्तेचं नुकसान एक बादली. कलम 113 लागू होत नाही. चहा घ्या.”