पांढरी चार

निवृत्त झाल्यावर माणसं गच्चीत टोमॅटो लावतात, फार तर गीतेच्या वर्गाला जातात. आमच्या बंगळुरूतल्या व्हाइटफील्डच्या सोसायटीतल्या काकांनी फ्रेंच हॉर्न घेतला. उभी हयात आयटीपीएलच्या परिसरात सॉफ्टवेअर तपासण्यात गेलेली; दुसऱ्याच्या कामातली खोट काढणं हा स्वभावच झालेला. कुणी ‘हॉर्नच का?’ विचारलं की ऐकून घ्यावं लागतं: ‘अरे, ही जमीन म्हैसूरच्या महाराजांनी 1882 साली अँग्लो-इंडियनांना दिली. त्यांची जुनी वस्ती इनर सर्कलला जाऊन बघ. इथे उपरा असलाच तर तुझा तंबोरा!’

काकांनी आधी बोटांचा तक्ता एक्सेलमध्ये भरला. डाव्या हाताच्या बोटांखाली तीन व्हॉल्व्ह, उजवा पंजा भोंग्यात. सीला एकही बोट नाही, डीला पहिलं, ईला काही नाही, एफला पहिलं, जीला पुन्हा काही नाही. काका ताठ बसले. ‘इनपुट एकच आणि सूर तीन? हा बग आहे.’

‘अंकल, बाकीचं ओठांनी करायचं,’ शिकवणारा मुलगा म्हणाला. ओठांसाठी कॉलम कुठला काढणार?

खरी मेख तिथेच आहे. सुमारे बारा फूट नळी गुंडाळलेली; सूर तिच्यात आधीच मुक्कामाला. खाली ऐसपैस, वर मात्र चाळीतल्या खोल्यांसारखे खेटून. काका एका दारावर थाप मारतात, उघडतं शेजारचं.

शेवटी काकूंनी पेटी काढली. ‘सी म्हणजे पांढरी एक ना? वाजवा.’ काकांनी कागदावरचा सी फुंकला. काकूंची बोटं पट्ट्या चाचपत खालच्या सप्तकातल्या पांढरी चारवर थांबली.

‘अहो, हा एफ आहे.’

‘हॉर्नला सी लिहिला की एफच वाजतो.’

‘मग एफच का नाही लिहीत?’

या प्रश्नावर मात्र काका खुलले. ‘पूर्वी व्हॉल्व्ह नव्हते. पट्टी बदलली की नळीचा तुकडा बदलायचा, कागदावर सी तसाच. लेगसी सिस्टीम! चालू असलेल्या कोडला कुणी हात लावतं का?’ आणि तोंडाच्या वाफेचं नळीत साठलेलं पाणी काढायला त्यांनी हॉर्न उलटासुलटा फिरवला.

‘फरशीवर नको,’ काकू म्हणाल्या. ‘कढीपत्त्याला घाला. टँकर उद्यावर गेलाय.’