वर्गणीदार

पेडण्याच्या बाजारात उभे राहून "भाऊ" अशी हाक मारली तर चार माणसे वळतात. त्यांतला जो वळता वळताच खिशात हात घालतो, कोणीतरी वर्गणीलाच आले असणार अशा खात्रीने, तो आमचा भाऊ. मोरजीपासून मुळगावापर्यंत ही जमात पसरलेली आहे. वय पन्नाशीच्या पुढे, कपाळाला कालच्या आरतीचा अंगारा, डोळ्यांत परवाच्या दशावताराचे जागरण आणि पाकिटात नोटांपेक्षा पावत्या जास्त.

त्याची गाडी ओळखायला नंबर पाहावा लागत नाही. पुढच्या काचेमागे गणपती, साईबाबा आणि गावच्या रवळनाथाचा फोटो. आरशाला म्हापशाच्या मेकॅनिकने दिलेले सांत आंतोनचे पदक आणि हरमलच्या किनाऱ्यावरून आलेली तिबेटी पताकांची माळ. शेजारी एका तुर्की बाईने भेट दिलेला निळा डोळा, बंपरखाली लिंबू-मिरची. या सगळ्यांतून रस्ता जेवढा दिसतो तेवढ्यावर भाऊ गाडी हाकतो. आजवर अपघात झालेला नाही, हे तो त्या मंडळींच्या कर्तृत्वाचा पुरावा म्हणून सांगतो.

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो, म्हणून भाऊ मला मास्तर म्हणतो आणि येता-जाता डोकावतो. जागतिकीकरणात धर्माचा बाजार झाला, असे आम्ही वर्गात सांगत असतो. ल्योतारने १९७९ साली महाकथांवरचा विश्वास उडाल्याचे जाहीर केले. आता उत्तर-आधुनिक माणूस योग इथून, ध्यान तिथून, सण तिसरीकडून उचलतो आणि आपल्यापुरता धर्म जुळवतो. पोरे खिडकीतून भाऊची गाडी बघतात आणि म्हणतात, "सर, उदाहरण आलं." दिसायला आहे खरे. पण गिऱ्हाईक एक वस्तू घेते तेव्हा बाकीच्या दुकानात ठेवून येते. भाऊने आजवर एकही देव परत केलेला नाही. कारण विचारले की म्हणतो, "आसूं दी हो मास्तर, एका नाल्लान काय जाता?"

हरमलला त्याच्या भाड्याच्या सहा खोल्या आहेत. कळंगुट-हणजूण सोडून हिप्पी उत्तरेकडे सरकले आणि गोड्या तळ्यामागच्या रानातल्या वडाखाली राहू लागले, तेव्हा भाऊच्या बापाने त्यांना शहाळी विकली. भाऊ त्यांच्या पुढच्या पिढीला चक्रे उघडायला जागा देतो. ऑक्टोबरात पाटी लागते: योग, रेकी, साउंड हीलिंग, काकाओ सेरेमनी. पाहुण्यांशी बोलायची त्याची परिभाषा ठरलेली आहे. राखणदार म्हणजे 'लोकल एनर्जी', देवचार म्हणजे 'ओल्ड एनर्जी' आणि वीज गेली की 'नो एनर्जी'. एकदा एका जर्मन बाईने पितळी वाटीच्या काठावर लाकडी दांडा फिरवून तासाभराचे दोन हजार घेतले, तेव्हा मात्र भाऊ मुळापासून हादरला. त्याच्या घरची गणपतीची घंटा तीन पिढ्या फुकट वाजत होती.

सीझन संपला की पाहुणे मायदेशी जातात, नाहीतर हिमालयाच्या वाटेला लागतात. देव मागे राहतात. खोल्या झाडताना वहिनींना काय काय सापडते: बुद्धाचे मस्तक, कालीचे पोस्टर, कुठल्याशा पक्ष्याचे पीस, जांभळा स्फटिक. टाकायचे कसे? कोणीतरी त्यांच्यापुढे उदबत्ती ओवाळलेली आहे. वहिनी ते पदराखाली झाकून घरी आणतात आणि देव्हाऱ्यात सरकवून जागा करतात. बुद्धाला कुंकू लागले आहे. स्फटिकाला सोमवारी दूध मिळते. एक पोरगा पेरू देशातली भूमाता पाचामामा विसरून गेला. भाऊने नाव सांगितले, वहिनींनी 'पाच मामा' ऐकले आणि तेव्हापासून त्या एकट्या मातीच्या बाईपुढे नैवेद्याच्या पाच वाट्या लागतात. ज्याने ती आणली तो एव्हाना बहुधा तिसऱ्याच मार्गाला लागला असेल. तिचे जेवणखाण पेडण्यात चालू आहे.

पीटर बर्जर यांनी १९६७ साली 'द सेक्रेड कॅनपी'मध्ये मांडले होते की शेजारीपाजारी दहा धर्म नांदू लागले की आपला धर्म हाच एकमेव खरा, हे माणसाला सहज वाटेनासे होते आणि श्रद्धेचा पाया खचतो. १९९९ साली त्यांनी स्वतःच ते मत बऱ्यापैकी मागे घेतले, जग पूर्वीइतकेच धार्मिक आहे म्हणाले. असे मत बदलणारे विद्वान मला आवडतात. वहिनींच्या देव्हाऱ्याला मात्र दहाव्या देवाने काही खचत नाही, फक्त फळी वाढवावी लागते.

भाऊची सासुरवाडी डिचोली तालुक्यातली, शिरगावची. वैशाख शुद्ध पंचमीला लईराईची जत्रा. मेहुणे धोंड आहेत: सोवळे पाळायचे, हातात वेताची काठी, गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांच्या माळा, तळीत स्नान आणि पहाटेच्या सुमारास होमकुंडाच्या निखाऱ्यांतून चालत जायचे. भाऊ स्वतः निखाऱ्यात पाय घालत नाही. तो काठावर उभा राहून सगळ्या मेहुण्यांचे मोबाईल सांभाळतो, आणि ते सगळे एकाच वेळी वाजत असतात. आता लईराई ही सात बहिणींतली एक. मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या तिच्या बहिणी, आणि म्हापशाच्या इगर्जीतली मिलाग्रीस सायबीण म्हणजे त्यांचीच मिराबाय, असे लोक मानतात. ईस्टरनंतर सायबिणीच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात. भाऊ दरवर्षी जातो. यात सर्वधर्मसमभाव वगैरे शोधायला गेलेला एक पत्रकार रिकाम्या हाताने परतला. भाऊ त्याला एवढेच म्हणाला, "बायकोच्या माहेरच्या देवीची बहीण ती. न जाऊन चालेल?"

धारगळला डिसेंबर २०२४मध्ये सनबर्न हा संगीत महोत्सव झाला, तेव्हा गावात दोन तट पडले आणि प्रकरण कोर्टात गेले. भाऊ दोन्ही तटांत होता. सकाळी विरोधाच्या सभेला, संध्याकाळी पार्किंगला जमीन भाड्याने. (त्याच धारगळला आयुर्वेद संस्था आहे आणि मोपाचा विमानतळ जवळच, दोहोंचे उद्घाटन एकाच दिवशी, ११ डिसेंबर २०२२ला झाले. नाचून कंबर धरली तर इलाज आणि परतीचे विमान, दोन्ही हाताशी.) मी त्याला दुर्खीम सांगितला. स्वतः ऑस्ट्रेलियाला न जाता तिथल्या आदिवासींवर १९१२ साली ग्रंथ लिहिणारा आणि जमावाला येणाऱ्या उधाणातून पवित्राची जाणीव जन्मते असे म्हणणारा. भाऊने ऐकून घेतले आणि निकाल दिला, "म्हणजे तिकीट लावलेली पुनव." पेडण्याच्या पुनवेला कोजागिरीच्या रात्री तरंगे निघतात. तिकडे डिचोलीतल्या साळला होळीनंतर गडे रात्री-अपरात्री रानाकडे धाव घेतात. भाऊ दोन्हीकडे असतो. "आमच्याकडे मनगटाला पट्टा बांधत नाहीत, एवढाच फरक," तो म्हणाला.

त्याचा भाचा इंग्लंडात स्विंडनला असतो. पोर्तुगीज पासपोर्ट काढून गेलेला. तिकडे घर घ्यावे की नाही, हे त्याला रवळनाथाला विचारायचे होते. बँकेने होकार दिला होता, देवाचा बाकी होता. तेव्हा व्हिडिओ कॉलवर कौल लावायचे ठरले. गुरवाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणे घातले, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटले, स्विंडनहूनही एक क्षीण "व्हय म्हाराजा" आले. भाऊ आपणही चौकटीत दिसावे म्हणून देवाकडे पाठ करून फोन उंच धरून उभा. पाकळी पडली. "उजवी!" गुरव म्हणाला. "उजवी!" भाचा ओरडला. "डावी," भाऊ म्हणाला, कारण त्याच्या पडद्यावर ती डावीकडे पडली होती. पुढच्या कॅमेऱ्यात स्वतःचे चित्र उलटे दिसते, हे एका शाळकरी पोराने समजावून सांगितले तरी भाऊची समजूत पटेना. प्रत्यक्ष पाहिलेले खोटे कसे? शेवटी दुसरा नारळ ठेवून पुन्हा विचारावे लागले. या वेळी भाऊला देवाकडे तोंड करून उभे केले. भाच्याच्या घरात आता हप्ते आणि ओल दोन्ही आहेत, पण कौलाला तो बोल लावत नाही. तो म्हणतो, मामाने मध्ये डावी म्हटले होतेच.

एकदा मी भाऊला शीलाची गोष्ट सांगितली. रॉबर्ट बेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५च्या 'हॅबिट्स ऑफ द हार्ट' या पुस्तकात ही अमेरिकन परिचारिका येते. तिने आपल्या श्रद्धेला आपलेच नाव दिले: शीलाइझम. चर्चला जाणे नाही, आतला बारीक आवाज सांगेल तो धर्म. आमच्या विषयात ती फार प्रसिद्ध आहे.

भाऊ खुर्चीत सावरून बसला. "एकटीचा धर्म?"

"एकटीचा."

"पालखी कोण उचलतो?"

"पालखी नाही."

"पहिला नारळ कोणाचा?"

"नारळ नाही, भाऊ."

"मग भांडते कोणाशी?"

याचे उत्तर बेलांच्या पुस्तकात नाही. गोव्यात देवस्थानांचा कारभार अजून पोर्तुगीज काळातल्या नियमांवर चालतो; महाजनांच्या याद्या असतात, मामलेदार प्रशासक असतो आणि मान कोणाचा यावरून मंदिराला कुलूप लागल्याची बातमी आमच्या वाचकाला नवी नसते. ग्रेस डेव्ही यांनी १९९४ साली ब्रिटनविषयी लिहिले की तिथले लोक देव मानतात, पण कोणत्या चर्चचे म्हणून राहत नाहीत. मी भाऊला ते त्याच्या हिशेबात सांगितले: श्रद्धा आहे, वर्गणी नाही. भाऊ कळवळला. त्याचे नेमके उलटे आहे. रवळनाथ खरोखर आहे का, असे विचारले तर तो इकडेतिकडे बघतो आणि चहा सांगतो. रवळनाथाची कमिटी आहे याविषयी मात्र त्याला तिळमात्र शंका नाही, कारण तो तिचा खजिनदार आहे.

निघताना त्याने पिशवीतून पावतीबुक काढले. देवळातल्या सप्ताहाचे होते. माझे पाचशे लिहून झाले, पण पेन काही खिशात जाईना.

"त्या शीलाबायच्या नावावर हजार एक लिहितो. पैसे मी घालतो."

"भाऊ, तिला कळणारसुद्धा नाही. आणि शीला हे तिचे खरे नाव नाही, लेखकांनी ठेवलेले आहे."

"कमिटीला चालतं," म्हणत त्याने पावती फाडली.

सप्ताहाला देवळासमोर फ्लेक्स लागला. देणगीदारांत सर्वांत वर: श्रीमती शीलाबाई, अमेरिका. खाली सरपंच, पाचशे एक. परदेशचे नाव वर असले की खालचे आकडे हलतात, असे भाऊने मला हळूच सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच स्वतः स्कूटरवरून आले आणि आणखी एक हजाराची पावती फाडून गेले.